‘कैखुश्रू’चा फलक अर्धाच का? मुंबईच्या गोदीचा इतिहास मांडणाऱ्यांना खुले पत्र

मुंबईच्या गोदीचा आणि इथल्या जहाजबांधणीचा इतिहास दालनांत, फलकांवर आणि पुस्तिकांत मांडणाऱ्या सर्व विश्वस्त, अभिरक्षक आणि अभ्यासक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत सुतार होते. रत्नागिरीकडच्या गावातून पोरवयात आले आणि निवृत्तीपर्यंत गोदीतच राहिले. त्यांचा वाकस आणि रंधा आमच्या घरात अजून आहे. लाकडाचा तुकडा हाती आला की ते आधी नाकाशी धरत, मग नखाने खरवडत आणि मग सांगत, हा मलबारचा साग, हा नव्हे. त्यांच्यामुळे लहानपणापासून गोदीतल्या जुन्या जहाजांची नावे मला शाळेतल्या पाढ्यांसारखी पाठ आहेत. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढे जे लिहिणार आहे ते गोदीला परक्या असलेल्या माणसाची टीका म्हणून वाचले जाऊ नये.

मध्यंतरी जुन्या जहाजांचे एक दालन पाहिले. कोणते ते महत्त्वाचे नाही, कारण अशा बहुतेक ठिकाणी मजकूर साधारण सारखाच असतो. सुरतेहून १७३६ साली आलेले लवजी नसरवानजी वाडिया, त्यांच्या घराण्याच्या पिढ्या, १७५० ची सुकी गोदी, सागाची महती आणि मग जहाजांची यादी. त्या यादीत एक ओळ होती : ‘कैखुश्रू, १७९९. पुढे ब्रिटिश नौदलात दाखल.’ आणि पूर्णविराम.

त्या पूर्णविरामाबद्दल हे पत्र आहे. ‘कैखुश्रू’ १७९९ पासून पासष्ट वर्षे पाण्यावर होते आणि त्यातली साडेतीन दशकांहून जास्त वर्षे ते तुरुंग होते.

नौदलाने हे व्यापारी जहाज १८०५ साली विकत घेतले, त्याचे नाव ‘हाऊ’ ठेवले आणि वर्षभरातच ते बदलून ‘ड्रॉमेडरी’ केले. ड्रॉमेडरी म्हणजे पाठीवर एकच मदार असलेला उंट. जहाज आता लढाऊ राहिले नव्हते, सामान वाहणारे झाले होते, तेव्हा नाव शोभणारेच होते. १८०९ मध्ये लॅकलन मॅक्वारी हे न्यू साउथ वेल्सचे नवे गव्हर्नर म्हणून निघाले ते याच जहाजातून. तिथले गव्हर्नर ब्लाय यांना त्यांच्याच सैनिकांनी पदच्युत केले होते, त्यांच्या जागी हे चालले होते. सोबत ७३ वी पलटण होती. मुंबईत घडवलेल्या फळ्यांवर पाय रोवून ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला इतका मोठा माणूस सिडनीला उतरला, हे सुद्धा आपल्या फलकांवर मला कधी दिसले नाही. असो.

दहा वर्षांनी त्याच जहाजातून इंग्लंडमधले शिक्षा झालेले कैदी टास्मानिया आणि सिडनीकडे नेण्यात आले. ते उतरवून जहाज १८२० मध्ये न्यूझीलंडला गेले, नौदलाच्या डोलकाठ्यांसाठी कौरी वृक्षांचे सरळ सोट आणायला. त्याच कामगिरीवर ‘कोरोमंडल’ नावाचे दुसरे जहाज होते, ते कलकत्त्यात बांधलेले. न्यूझीलंडच्या कोरोमंडल द्वीपकल्पाचे नाव त्यावरून पडले. ही दोन हिंदुस्थानी जहाजे पुढे पुन्हा एकत्र आली, पण फार वाईट जागी.

ती जागा म्हणजे बर्म्युडा.

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात एकटाच पडलेला हा बेटांचा पुंजका. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर कॅनडातल्या हॅलिफॅक्सपासून वेस्ट इंडीजपर्यंतच्या लांबलचक किनाऱ्यावर ब्रिटिश नौदलाला हक्काचे बंदर उरले नाही. बर्म्युडाभोवतीच्या प्रवाळखडकांतून मोठ्या जहाजांना आत येता येईल अशी वाट थॉमस हर्ड यांच्या सर्वेक्षणात सापडली आणि १८०९ मध्ये तिथल्या आयर्लंड आयलंड या बेटावर गोदीचे काम सुरू झाले. नावावरून गोंधळ होऊ नये, हे आयर्लंड नव्हे. मात्र पुढे खरोखरीचे आयरिश लोक तिथे हजारांनी आणले गेले, हा दुर्दैवाचाच भाग म्हणायचा.

सुरुवातीला काम केले ते स्थानिक मालकांकडून भाड्याने घेतलेल्या गुलामांनी आणि काही स्वतंत्र कृष्णवर्णीय कारागिरांनी. १८१२ च्या अमेरिकेबरोबरच्या युद्धात गुलामगिरीतून पळून ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेले लोकही या बांधकामावर राबले. पण माणसे पुरेनात. तेव्हा लंडनने आपल्या हाताशी असलेला, मजुरीची घासाघीस करू न शकणारा मजूर पाठवला. १८२४ मध्ये ‘अँटेलोप’ या जुन्या युद्धनौकेतून सुमारे ३०० कैद्यांची पहिली तुकडी बर्म्युडात पोहोचली. ज्या जहाजातून आले तेच त्यांचे घर झाले. पाठोपाठ आणखी जहाजे आली : ‘ड्रॉमेडरी’, ‘कोरोमंडल’, ‘वेमथ’, ‘टेनेडॉस’, ‘मेडवे’, ‘टेम्स’. यातले ‘वेमथ’ही कलकत्त्याचेच. आपले ‘कैखुश्रू’ १८२६ च्या सुमारास तिथे नांगरले गेले ते कायमचे.

तरंगता तुरुंग म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही, म्हणून थोडे सांगतो. अमेरिकेत कैदी पाठवणे बंद पडले तेव्हा १७७६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तात्पुरती सोय म्हणून कायदा केला : कैद्यांना टेम्स नदीत नांगरलेल्या निकामी जहाजांवर ठेवायचे आणि दिवसा किनाऱ्यावर राबवायचे. ही तात्पुरती सोय इंग्लंडमध्येच ऐंशी वर्षे टिकली. जहाजाच्या डोलकाठ्या उतरवायच्या, शिडे काढायची, वर घरासारखे छप्पर चढवायचे, तोफांच्या खिडक्यांना लोखंडी गज लावायचे. खालच्या मजल्यांवर माणसे दाटीने कोंबायची आणि रात्री वरून कड्या घालायच्या. वुलिच, चॅटम, पोर्ट्समथ, प्लिमथ अशा नौदलाच्या बंदरांतच ही जहाजे उभी राहिली, कारण खोदकाम, गाळ उपसणे, दगड फोडणे ही कामे तिथेच होती. फ्रान्समध्ये तूलाँ, ब्रेस्त आणि रोशफोर या नौदल गोद्यांत हाच प्रकार वेगळ्या नावाने चालला. तूलाँचा तर १८७३ पर्यंत. नौदलांच्या वैभवाची चित्रे काढताना ज्या घाटांवर जहाजे उभी दाखवतात, त्यांतले बरेच घाट अशा हातांनी बांधलेले आहेत.

बर्म्युडातले बांधकाम साधे नव्हते. बर्म्युडातली घरे ज्या चुनखडीच्या दगडाची आहेत तो मऊ, करवतीने कापता येतो. पण तटबंदीसाठी आयर्लंड आयलंडचा कठीण दगड हवा होता. तो खाणीतून काढायचा, सुरुंग लावून फोडायचा, घडायचा आणि समुद्रात भराव घालून लाटा अडवणारा बांध उभारायचा. जांभ्याच्या खाणीत उन्हाळ्यात काम करणाऱ्या माणसाला विचारा, दिवसभर दगडावरून परतणारे ऊन काय करते ते. तिथला दगड तर पांढरा आणि समोर चकाकणारा समुद्र. कैद्यांचे डोळे त्या झळाळीने जात. त्यांनी बांधलेल्या भिंती, कोठारे, बराकी आजही जागच्या जागी आहेत, आणि त्या भिंतींजवळच आता पर्यटकांनी भरलेली महाकाय जहाजे लागतात.

१८२४ ते १८६३ या काळात सुमारे ९,००० कैदी बर्म्युडात आणले गेले. त्यांतले सुमारे २,००० तिथेच मेले. म्हणजे साडेचार माणसांत एक. १८४३ आणि १८५३ मध्ये पीतज्वराच्या साथी आल्या, आणि एकाच लाकडी पोटात शेकडो माणसे झोपत असताना साथ कशी फिरली असेल हे सांगायला वैद्य लागत नाही. जगले त्यांनाही बर्म्युडात राहता आले नाही. शिक्षा संपली तरी तिथे मोकळे सोडायचे नाही, असा स्थानिक लोकांचा आग्रह होता. ज्या बेटावर तारुण्य गेले त्या बेटावर भाड्याच्या खोलीचाही हक्क नाही.

आणि हे लोक होते कोण? सगळे निष्पाप होते असे मी म्हणणार नाही, त्यांत खुनी आणि दरोडेखोरही होते. पण १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि दुष्काळ पडला, तेव्हा मेंढी चोरली, धान्य चोरले म्हणून शिक्षा झालेली माणसेही बर्म्युडाच्या या जहाजांत भरली गेली. दुष्काळात सावकाराचे कोठार फोडणाऱ्या माणसाकडे आपला शेतकरी समाज कोणत्या नजरेने पाहतो, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

‘ड्रॉमेडरी’वर ठेवलेल्यांपैकी एकाचे नाव जगाला माहीत आहे. जॉन मिचेल, आयरिश पत्रकार. मे १८४८ मध्ये राजद्रोहाच्या नव्या कायद्याखाली त्यांना चौदा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली, जूनमध्ये ते बर्म्युडाला पोहोचले आणि ‘ड्रॉमेडरी’च्या एका कोठडीत त्यांना ठेवले गेले. त्यांना दगड फोडायला लावले नाही. राजकीय कैदी, शिवाय सुशिक्षित, म्हणून ती सूट. ते तिथे वाचत, लिहीत आणि बाकीचे सकाळी रांगेने किनाऱ्यावर जाताना पाहत. एप्रिल १८४९ मध्ये त्यांना तिथून हलवले. त्यांची तुरुंगातली रोजनिशी पुढे आयरिश राष्ट्रवादाचा मोठा ग्रंथ ठरली, आणि तिच्यातले कितीतरी दिवस मुंबईच्या सागाच्या भिंतीआड लिहिलेले आहेत.

इथे एक गोष्ट लपवून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. हेच मिचेल पुढे कैदेतून निसटून अमेरिकेत गेले आणि तिथे गुलामगिरीचे उघड समर्थक झाले. ज्या बेटावरची गोदी गुलामांनी सुरू केली आणि कैद्यांनी पुढे नेली त्या बेटावर दहा महिने काढून हा माणूस या मतापर्यंत पोहोचला. मी यावर बरीच रात्र विचार केला आहे आणि उत्तर सापडलेले नाही. पण म्हणूनच ‘ड्रॉमेडरी’ची गोष्ट मिचेल यांच्यापुरती सांगितली जाऊ नये. ज्यांनी रोजनिशी लिहिली नाही ते शेकडो लोक त्याच फळ्यांवर झोपले होते.

त्यांनी काय मागे ठेवले ते समुद्राच्या तळाशी सापडले. जहाज एकाच जागी तीसहून अधिक वर्षे उभे होते, आणि वरून जे पडले, टाकले किंवा लपवता लपवता निसटले ते खालच्या गाळात साचत राहिले. १९८२ मध्ये पाणबुड्यांनी तिथे शोध घेतला तेव्हा हजारो वस्तू वर आल्या. गुंड्या, बाटल्या, चिनीमातीच्या चिलमी, आणि हाडातून कोरलेले नाजूक काम : फासे, सोंगट्या, लहानसहान दागिने. जेवणातले मांस संपल्यावर उरलेले हाड घासून, कोरून, गुळगुळीत करून माणसे खेळायला आणि विकायला वस्तू करत होती. मी सुताराच्या घरातला आहे. दिवसभर दगड फोडून आल्यावर रात्री अंधुक उजेडात कोणी हाडाच्या तुकड्यावर बारीक नक्षी काढत बसतो, यामागची हाताची भूक मला कळते. आजोबा रजेच्या दिवशीही काहीतरी तासत बसायचे.

मला सर्वांत जास्त सतावते ते हे. इंग्लंडमध्ये बांधलेल्या जहाजांचे ओक लाकूड उष्ण पाण्यात कुजते, किडते. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागाचे तसे होत नाही, सागातल्या तेलामुळे खिळाही टिकतो आणि फळीही. आपण दालनांत हे अभिमानाने लिहितो, आणि ते खरेच आहे. १७९९ चे जहाज १८६३ मध्येही पाण्यावर होते. ज्या गुणासाठी मुंबईच्या कारागिरांचे नाव झाले, त्याच गुणामुळे हा तुरुंग इतकी वर्षे बुडाला नाही. बांधणाऱ्यांचा यात तिळमात्र दोष नाही. त्यांनी व्यापारी जहाज बांधले, नेकीने बांधले. पण त्यांच्या कारागिरीची स्तुती करताना ती कारागिरी शेवटी कशासाठी वापरली गेली, हे लिहायचेच नाही, हा मात्र आपला दोष आहे.

याला दोन आक्षेप येतील याची मला कल्पना आहे.

पहिला : ते कैदी आपले नव्हते, इंग्रज आणि आयरिश होते, त्यांचा इतिहास त्यांनी लिहावा. आपल्याकडे सक्तमजुरी म्हटले की अंदमान आठवते, सावरकरांचा कोलू आठवतो, आणि ते आठवायलाच हवे. मुंबई इलाख्यातले कैदी त्याच्याही आधी पेनांग, सिंगापूर आणि मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले जात. ज्या सरकारने ते केले त्याच सरकारने हेही केले, त्याच पद्धतीने आणि त्याच हिशोबाने : माणसाला समुद्रापार नेले की त्याचे श्रम फुकट होतात. कोलू ओढणे म्हणजे काय हे ज्या समाजाला माहीत आहे त्याने दुसऱ्याच्या बेड्यांपुढे पूर्णविराम देऊन पुढे जाऊ नये. शिवाय कैदी आपले नसले तरी जहाज आपलेच ना? मिरवताना तर आपण ते आपलेच म्हणतो.

दुसरा आक्षेप : फलकावर जागा नसते, सगळे कसे लिहिणार? यावर मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. जागा असते. ‘मिंडेन’ या १८१० च्या मुंबईतल्या जहाजावर अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिले गेले, ही कथा सांगायला आपल्याकडे नेहमी जागा असते. वास्तविक अभ्यासकांना ती कथा मान्य नाही, कवी त्या रात्री दुसऱ्या जहाजावर होता असेच बहुतेकांचे मत आहे. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला, तेही आपण लिहितो. ते खरे आहे, पण तो तह अफूच्या युद्धानंतर चीनवर लादलेला होता हे क्वचितच लिहितो. ‘वेलस्ली’ (मुंबई, १८१५) १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बाँबने बुडाली, हे वाचायला रोमांचक वाटते. पण बुडाली तेव्हा ती ‘वेलस्ली’ नव्हती. १८६८ पासून तिचे नाव ‘कॉर्नवॉल’ होते आणि तिच्यावर न्यायालयाने शिक्षा दिलेली अल्पवयीन मुले ठेवत असत. म्हणजे मुंबईच्या आणखी एका जहाजाचा शेवट पोरांच्या सुधारगृहात झाला. जागेचा प्रश्न नाही. आपण काय निवडतो त्याचा प्रश्न आहे.

इंग्लंडमधल्या हार्टलपूलला ‘ट्रिंकोमाली’ (मुंबई, १८१७) अजून पाण्यावर आहे, तिचे छायाचित्र प्रत्येक दालनात असते. असावेच. तिच्या शेजारी ‘ड्रॉमेडरी’चेही चित्र लावा, आणि तेही शिडे फुगलेल्या ऐन उमेदीतले नको. डोलकाठ्या उतरवलेल्या, छप्पर चढवलेल्या, खिडक्यांना गज असलेल्या जहाजाची लहानशी प्रतिकृती करायला एखाद्या चांगल्या सुताराला फार दिवस लागणार नाहीत. बर्म्युडाचे राष्ट्रीय संग्रहालय त्याच जुन्या नौदल गोदीच्या किल्ल्यात आहे, त्यांच्याशी पत्रव्यवहार करता येईल. सिडनीच्या कोकाटू बेटावरची सुकी गोदी कैद्यांनी खोदली, ते बेट २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे ही गोष्ट झाकलेली नाही. त्यांनी कैद्यांची गोष्ट वगळून फक्त गोदीच दाखवली असती, तर ती गोदी कोणाला नीट कळलीच नसती.

शाळेच्या सहलीतली मुले या दालनांत येतात. मी त्या दिवशी पाहिले, एक मुलगी यादीपुढे उभी राहून वहीत नावे उतरवत होती. ‘कैखुश्रू’पाशी थांबून तिने बाईंना विचारले, मग त्या जहाजाचं पुढे काय झालं? बाईंनी फलकाकडे पाहिले. फलकावर उत्तर नव्हते. मीही गप्प राहिलो, कारण तेव्हा मलाही माहीत नव्हते. ती वही घेऊन पुढच्या फलकाकडे गेली.

म्हणून मी मजकूरच लिहून पाठवतो आहे. आपल्या पुढच्या बैठकीत तो विचारासाठी घ्यावा :

‘कैखुश्रू. मुंबईची गोदी, १७९९. साग. ब्रिटिश नौदलाने १८०५ मध्ये विकत घेतले, नंतरचे नाव ड्रॉमेडरी. १८०९ मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांना ऑस्ट्रेलियाला नेले. १८२० मध्ये कैदी उतरवून न्यूझीलंडला डोलकाठ्यांचे लाकूड आणायला गेले. १८२६ च्या सुमारास बर्म्युडाच्या नौदल गोदीत तरंगता तुरुंग झाले. तिथल्या सर्व जहाजांवर मिळून १८६३ पर्यंत सुमारे ९,००० कैदी ठेवले गेले आणि सुमारे २,००० मेले. त्यांनी, आणि त्यांच्या आधी गुलामांनी, ती गोदी बांधली. जहाज १८६४ मध्ये मोडीत काढले.’

सत्तरच्या आतबाहेर शब्द आहेत. शब्द बदलले तरी माझी हरकत नाही, आकडे आणि माणसे गाळू नयेत. इंग्रजी आणि हिंदी मजकूरही करून द्यायला मी तयार आहे. प्रतिकृतीसाठी साग हवा असेल तर आजोबांच्या वेळचे काही तुकडे घरी आहेत, ते मी आनंदाने देईन.

उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
गोदीतल्या एका सुताराचा नातू